सरळ चिमटा

जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना सायकलीचा पुढचा ब्रेक दाबला की माझी नजर रस्ता सोडून खाली, पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्याकडे जाते. जाऊ नये. उतारावर समोर बघावं हे शाळकरी पोरालाही कळतं. पण खाली जे चाललेलं असतं ते बघण्यासारखं असतं. ब्रेकचे रबर रिमला धरतात, चाक मागे खेचलं जातं, त्याच्याबरोबर चिमट्याची खालची टोकं किंचित मागे येतात. मग पकड जराशी सुटते, टोकं पुढे जातात. पुन्हा पकड, पुन्हा मागे. हे इतकं भरभर चालतं की हबच्या कडा पुसट दिसायला लागतात. सगळी हालचाल मिळून काही मिलिमीटरांची. वर मुठीत ती बारीक थरथर होऊन पोचते आणि तिथून कोपरापर्यंत चढते. पोलादाची नळी आपल्या वजनाखाली वाकतेय, सरळ होतेय, पुन्हा वाकतेय, हे उघड्या डोळ्यांनी दिसण्याच्या जागा तशा कमीच. पुलावर उभं राहून ते कळत नाही, आणि घराच्या स्लॅबमधली सळई तर जन्मात दिसत नाही. इथं सगळा कारभार आपल्या दोन हातांच्या मध्ये चाललेला असतो.

सायकल मूळची माझ्या मामेभावाची. तो शिकायला म्हणून अमेरिकेला गेला, नोकरीत रमला आणि बऱ्याच वर्षांनी परत आला तेव्हा सामानात एक लांबट खोकं हिचं होतं. कोना कंपनीची, १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांतली, सव्वीस इंची जाड टायरांची माउंटन बाइक. त्यानं ती कोल्हापुरात काही दिवस चालवली, मग चारचाकी घेतली, मग गुडघा धरला, आणि सायकल माझ्याकडे आली ती आलीच. हिला पुढं शॉकॲब्सॉर्बर नाही. चिमटा अखंड पोलादी आणि त्यातही सरळसोट. आपल्याकडच्या सायकलींचा चिमटा खाली जाताना पुढं वळतो, तसा याला बाकच नाही. दोन्ही पाय वर खांद्यापाशीच जरा पुढं झुकवून जोडलेत आणि तिथून ते थेट चाकाच्या आसापर्यंत सुतात उतरलेत.

पहिल्यांदा मी ती गंगावेशीकडच्या एका मिस्त्रींकडे नेली. हँडलच्या कोन-वाटीत खडखड होती. त्यांनी पुढचं चाक काढलं, चिमटा उपसून हातात घेतला आणि एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहिले.

"कुठं धडकली व्हती?"

"कुठं नाही, मिस्त्री. अशीच आहे."

"अशीच कशी आसंल? बाक कुठं ग्येला हिचा? ठोकून सरळ केल्याला दिसतोय की."

कंपनीतूनच असा येतो, असं मी सांगितलं. मिस्त्रींनी चिमटा फडक्यावर ठेवला, वाटीत ग्रीस भरता भरता म्हणाले, "मग कंपनीतच धडकली आसंल."

त्यांच्या जागी ते बरोबरच होते. साधी सायकल समोरून कशावर आदळली की चिमटा मागं ढकलला जातो, त्याचा बाक मोडतो, आणि मिस्त्री तो फटीत अडकवून पुन्हा पुढं ओढतात. ज्यानं आयुष्यभर असे चिमटे ओढले त्याला सरळ चिमटा म्हणजे अपघातच वाटणार. आणि खुद्द अमेरिकेतही हे चिमटे आले तेव्हा लोकांच्या भुवया वर गेल्याच असणार. कोना ही कंपनी निघाली १९८८ साली. तिच्या सायकली आखणारा जो मरे हा स्वतः शर्यती जिंकलेला गडी. चाक जितकं पुढं काढायचं तितकं खांद्यातल्या कोनातूनच काढलं, तर नळी वळवायची गरजच काय, असा त्याचा रोखठोक हिशोब. त्या चिमट्याला कंपनीनं 'प्रोजेक्ट टू' असं एखाद्या सरकारी धरणाला शोभेल असं नाव दिलं.

गंगावेशीतच बाक असलेल्या चिमट्याची उत्तम जात बघायला मिळते, म्हणजे मिळायची. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून देतात, लोक फेसासकट ग्लास तोंडाला लावतात. आसपासच्या गावांतनं दूध घेऊन येणाऱ्यांच्या सायकली पूर्वी भिंतीला रांगेनं लावलेल्या असत. आता मोटारसायकली जास्त. पण एखादी अठ्ठावीस इंची काळी सायकल अजून दिसते. कॅरियरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवलेले, मधल्या दांडीला दुसरी दांडी जोडलेली, आणि चिमट्याला पुढून आधाराच्या दोन सळ्या, आसापासून वर हँडलच्या गळ्यापर्यंत गेलेल्या. याला डबल चिमटा म्हणायचं. अशा सायकलीकडे बाजूनं बघावं. हँडलचा दांडा चांगला मागं रेललेला असतो, आणि चिमटा खाली येत येत शेवटच्या वीतभरात असा काही पुढं वळतो की चाक सायकलीच्या आधी गावात शिरतं. हा घाट इंग्रजांचा. बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या कारखान्यांनी खराब रस्त्यांसाठी तो बसवला आणि मद्रास, लुधियाना, सोनिपत इथल्या कारखान्यांनी तो फारसा न बदलता पुढं चालवला. चिखलीकडनं शिवाजी पुलावर येणाऱ्या दूधवाल्याला त्यातली भूमिती ठाऊक नसेल, पण भरलेला कॅन हिंदकळतो आणि सांडत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. लांब बाकाचं टोक धक्का लागला की मागं-पुढं लवतं, आणि रेललेल्या दांड्यामुळं हँडल हातात नाचत नाही.

मजा अशी की माउंटन बाइक नावाचं प्रकरण निघालं तेही असल्याच कामकरी सायकलींतून. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस म्हणून डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या श्विन सायकली भंगारातून उचलायला सुरुवात केली. घरोघर पेपर टाकणारी पोरं वापरायची तसल्या जाड टायरांच्या जड सायकली. काहींच्या चिमट्याला आपल्या दूधवाल्यांसारख्याच आधाराच्या सळ्या. त्या डोंगरावर न्यायच्या आणि मातीच्या वाटेनं खाली सोडायच्या. १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी शर्यती लावल्या. उतार इतका तीव्र की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस एका फेरीत जळून धूर व्हायचं आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं या कामासाठी म्हणून नवी फ्रेम बांधली. टॉम रिची, गॅरी फिशर ही मंडळी त्याच घोळक्यातली. १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर आली आणि कारखान्यातून माउंटन बाइका धडाधड बाहेर पडू लागल्या. या सगळ्यांचे चिमटे पोलादी, अखंड. धक्का खायला टायर, चिमटा आणि माणूस, एवढीच तिघांची भागीदारी.

आता या भागीदारीत चिमट्याचा वाटा किती, हा प्रश्न उद्यमनगरात एका मित्राच्या लेथवर निघाला. आमच्या गावात असले प्रश्न चहाबरोबर निघतात. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हेच गाव. वस्तू उघडून बघितल्याशिवाय आम्हाला तिच्याशी नीट बोलता येत नाही. मित्रानं चिमट्यावर टिचकी मारली, लांब स्वच्छ आवाज आला. "पातळ हाय," तो म्हणाला. मग दूधवाल्याच्या चिमट्याचा जो जुना तुकडा त्याच्या भंगाराच्या डब्यात होता त्यावर मारली. तो ठक् करून गप्प झाला.

लोकांचा समज असा की चांगलं पोलाद म्हणजे ताठ पोलाद. तसं नाही. साधं पोलाद घ्या किंवा या चिमट्यातलं क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं घ्या, सारख्या मापाच्या दोन नळ्या सारख्याच वजनाला जवळपास सारख्याच लवतात. मिश्रणात शंभराला साधारण एक भाग क्रोमियम आणि मॉलिब्डेनम त्याच्याही पाचव्या हिश्श्याइतकं. एवढ्यानं ताठपणा बदलत नाही, ताकद वाढते. म्हणजे कुठवर वाकवलं तरी ती मूळ जागी परत येईल, ती हद्द लांब जाते. हद्द लांब गेली की नळीची भिंत पातळ करता येते, आणि पातळ भिंतीची, खाली निमुळती होत गेलेली नळी जास्त लवते. चिमट्याचा सगळा गुण असा आडमार्गानं आलेला. म्हणून हा अख्खा चिमटा साधारण किलोभराचा, आणि दूधवाल्याचा उचलायला गेलात तर मनगटाला कळतं.

शिवाय लवण्याला दिशा असते. चिमटा उभा नसतो, तिरका असतो. चाक दगडाच्या कडेवर आदळलं की धक्क्याचा एक भाग चाकाला मागं ढकलतो आणि एक भाग वर उचलतो. मागं ढकलणाऱ्या भागाला चिमटा वाकून उत्तर देतो. वर उचलणारा भाग मात्र बराचसा नळीच्या लांबीतून सरळ वर चढतो, आणि लांबीत दाबून पोलादाची नळी आखूड होत नाही. म्हणून बारीक खडीच्या डांबरी रस्त्यावर हा चिमटा लोण्यासारखा मऊ म्हणणारे खोटं बोलत नाहीत, आणि केर्ली गावाच्या पुढं एखाद्या खड्ड्यात चाक उतरलं की तोच चिमटा दात वाजवतो, असं म्हणणारेही खरंच बोलतात.

तरीही जुन्या पोलादी चिमट्यांचे भक्त जरा जास्तच बोलतात असं माझं मत झालंय. पटत नसेल तर पुढच्या टायरमध्ये साठ पौंड हवा मारून निघावं. चिमट्याची सगळी पुण्याई पंचगंगेच्या पुलापर्यंत संपते. मग थांबून हवा चाळीसवर आणा, सायकल एकदम शहाणी होते. चिमट्याच्या खात्यावर आपण जे सुख जमा करतो त्यातलं निम्म्याहून अधिक टायरचं असतं, आणि उरलेल्यातलं बरंचसं आपल्या कोपरांचं. चिमट्याचा म्हणून जो वाटा शिल्लक राहतो तो थोडा. पण थोडा म्हणून नगण्य नव्हे. भजनात टाळ किती, असं कुणी विचारत नाही.

तो थोडा भाग कळतो मसाई पठारावर. पन्हाळ्याच्या पश्चिमेला म्हाळुंग्यावरनं वाट चढते आणि एकदम आडवं उघडं पठार समोर येतं. शिवाजी महाराज १६६० च्या पावसाळ्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले ते याच बाजूनं. आजही जुलैत पोरं ती वाट पावनखिंडीपर्यंत तुडवतात. पावसाळ्यात तिथं सायकल घालण्यात अर्थ नाही. धुक्यात समोरचं चाक दिसत नाही, आणि फुलं उमलली असताना गवतात चाक घालणाऱ्याला माणूस म्हणू नये. दिवाळीनंतर जावं. माती बसलेली असते, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, गुराख्यांच्या पायवाटा स्वच्छ दिसतात.

जांभ्याचं पठार हातांना तीन सुरांत ऐकू येतं. उघडा जांभा असेल तिथं त्याच्या भोकांच्या कडा टायरला एकेक करून टोचतात. धक्का तीक्ष्ण, पण सुटा. येतो आणि संपतो. चिमटा इथं आपलं काम दाखवतो: टोचणीचं टोक तो बोथट करून वर पाठवतो. कुठल्या कडेला चाक लागलं, डाव्या की उजव्या, हे मुठीत कळतं, दुखत मात्र नाही. मग जांभ्याचा चुरा झालेला तांबडा मुरूम येतो. तिथं नुसती बारीक चुरचुर, आणि वळताना चाक निसटायच्या बेतात आलं की ती चुरचुर अर्धा क्षण आधी थांबते. पुढचं चाक घसरण्याआधी बातमी देणारा दुसरा कुठला वार्ताहर मला माहीत नाही. आणि गवताची पट्टी लागली की सगळंच बंद. टायर, चिमटा, हात, सगळे गप्प. वारा तेवढा कानात.

असल्या जमिनीवर सीटवर बूड टेकून बसणाऱ्याचं काम नाही. पेडल दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर ठेवायची, बूड बोटभर वर, गुडघे सैल, कोपरं बाहेर आणि तीही सैल, मुठीवर बोटांची पकड नेमकी लागेल तेवढीच. हात ताठ केले की चिमट्याचा प्रत्येक निरोप थेट मानेत जातो. सायकलीचं बिनशॉकअपचं असणं असं आपल्या अंगात उतरतं: जे काम स्प्रिंगनं करायचं ते गुडघ्यांनी करायचं. पहिल्या तासाला हे नवं वाटतं, दुसऱ्याला सवयीचं, आणि परतीच्या वाटेवर वाघबीळ उतरताना हातांना मुंग्या आलेल्या असतात. हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी फोडताना बोटं ऐकत नाहीत.

माझ्या भाच्याला हे सगळं म्हातारचळ वाटतं. त्याच्या सायकलीला पुढं शंभर मिलिमीटर दबणारा सस्पेन्शन फोर्क आहे, डिस्क ब्रेक आहेत, आणि मसाईवर तो माझ्या पुढं जातो, हे मान्यच. "मामा, तुमचं हात एक दिवस गळ्यात येतील बघा," तो म्हणतो. मी एकदा त्याची सायकल घेऊन तीच जांभ्याची पट्टी पार केली. छान वाटलं. खालची जमीन कुणीतरी आधीच चाळून ठेवल्यासारखी. पण मधला मुरूम कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते कळलं नाही, आणि जोतिबाच्या चढाला उभं राहून पेडल मारू लागलो तर पुढचं टोक प्रत्येक पावलाला खाली बसत होतं. महागड्या फोर्कला हे बंद करायचं बटण असतं, असं भाचा म्हणाला. त्याच्याला नव्हतं.

काळानं निकाल भाच्याच्या बाजूनं कधीच दिलाय. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा पहिला फोर्क आला, तो जेमतेम पाच सेंटिमीटर दबायचा. १९९० ला कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड तसला फोर्क लावून जिंकला. त्यानंतर चार-पाच वर्षांत अखंड पोलादी चिमटा शर्यतीतून हद्दपार झाला. माझी सायकल बनली ती त्याच संध्याकाळच्या सुमाराला, मागणी ओसरत असताना. कदाचित म्हणूनच ती इतकी नीट बनली. एखादी गोष्ट करण्याची रीत पुरती बसते आणि नेमकी तेव्हाच तिची गरज संपते, असं बऱ्याच चांगल्या वस्तूंचं होतं.

आपल्याकडे मात्र वस्तू शर्यतीतून बाद झाली म्हणून घरातून जात नाही. नव्वदीत आपल्या बाजारात आलेल्या सरळ हँडलच्या, जाड टायरांच्या देशी सायकली कोल्हापुरात कितीतरी घरांच्या जिन्याखाली उभ्या आहेत. त्यांचे चिमटे साध्या पोलादाचे, जरा जड. पण जातीनं तेच. क्लासला जाणारं पोर मोठं झालं, त्याला गाडी मिळाली, सायकलीच्या हँडलला छत्री आणि कॅरियरला रद्दी आली.

तेव्हा तुमच्या जिन्याखाली अशी एखादी असेल तर रविवारचा एक तास तिला द्या. चिमट्याला चुंबक चिकटतो का बघा. चिकटला तर पोलाद आहे. मग हँडलच्या गळ्याखाली, जिथं फ्रेमच्या नळ्या जोडल्यात, तिथल्या खालच्या बाजूचा रंग बोटानं चाचपा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी जोरात धडकली आहे, आधी मिस्त्रींना दाखवा. नसेल तर चिमटा उपसून वरच्या नळीत आतून थोडं तेल सोडा, गंज तिथूनच लागतो. कोन-वाटीत नवं ग्रीस, ब्रेकला नवे रबर, पुढं चाळीस पौंडांच्या वर हवा नको. एवढं करून पहाटे केर्लीपर्यंत जाऊन या. नाही आवडली तर भंगारवाला गल्लीत येतोच. लोखंड तो किलोवर घेतो, आणि अख्ख्या चिमट्याचं वजन किलो-दीड किलोच्या वर क्वचितच भरतं.